मला न वाचता येणारे कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतरच्या आयुष्याविषयी आपल्या दैनिकात आणि अन्यत्र जे लेख प्रसिद्ध होतात, ते मी गेली तेरा वर्षे नियमाने वाचत आलो आहे. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाच्या हाती आता वेळच वेळ आहे, तेव्हा त्याने राहून गेलेले सगळे छंद, सगळ्या विद्या आणि सगळे प्रवास उरकून घ्यावेत, आणि त्यासाठी पहाटे उठून दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडावेत, असा त्यांतल्या बहुतेकांचा सूर असतो. हे सल्ले मी मनापासून पाळून पाहिले आणि त्यात माझी पाच-सहा वर्षे गेली. मला वेळ सापडला तो त्यानंतर, आपल्याला काय जमत नाही आणि यापुढेही जमणार नाही, हे एके दिवशी प्रामाणिकपणे लिहून काढल्यावर. तो अनुभव जरा विस्ताराने मांडू द्यावा, अशी विनंती आहे.

मी वाईचा. माध्यमिक शाळेत गणित शिकवून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात शाळेच्याच एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर मी पुढे करायच्या गोष्टींची यादी केली होती, तीत सतरा कलमे होती. मराठीची जुनी मोडी लिपी शिकणे, संस्कृतचा राहिलेला अभ्यास पुरा करणे, पेटी शिकणे, जिल्ह्यातले सगळे किल्ले पाहणे, गावातील मुलांसाठी गणिताचा विनामूल्य वर्ग चालवणे, आणि या सर्वांवर कळस म्हणून वाई आणि कृष्णाकाठाचा एक साधार इतिहास लिहिणे, अशी ती यादी होती. यादीकडे पाहून माझ्या पत्नीने एवढेच विचारले होते, की या सतरा कामांच्या मध्ये चहा किती वेळा लागेल. त्या प्रश्नाचा अर्थ मला बराच उशिरा कळला.

सतरापैकी मोडी हे कलम तडीस गेले. आमच्या वडिलांच्या पिढीने शाळेत मोडी गिरवली होती आणि घरातल्या एका पेटीत आजोबांच्या वेळची गहाणखते आणि जमाखर्चाची बाडे पडून होती. ती आपल्याला वाचता येऊ नयेत, याची मला लाज वाटत असे. वर्णमाला पंधरा दिवसांत बसली. पण वर्णमाला येणे आणि मोडी येणे यांत जे अंतर आहे, ते काटण्यात पुढची तीन वर्षे गेली. ज्यांनी मोडीचा कागद पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि त्यांना लटकवल्यासारखी अक्षरे हात न उचलता लिहीत जातो. शब्द कुठे संपला हे दाखवणारी मोकळी जागा नसते आणि विरामचिन्हे नसतात. इकार दीर्घ आणि उकार ऱ्हस्व असा सरसकट रिवाज असल्याने ऱ्हस्व-दीर्घाचा आधारही मिळत नाही. नावे, पदव्या आणि नेहमीचे शब्द एका अक्षरावर आणि एका फाट्यावर आटोपलेले असतात. म्हणजे मजकुराचा अंदाज आल्याशिवाय अक्षर लागत नाही आणि अक्षर लागल्याशिवाय मजकुराचा अंदाज येत नाही.

त्यातही गणिताच्या शिक्षकाला मोह पडावा अशी गोष्ट म्हणजे कालगणना. पेशवाईच्या पत्रांत साल आकड्यांत न घालता पुष्कळदा अरबी संख्यावाचकांत घातलेले असते, आणि तेही एकंपासून सुरू करून. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हा सुहूर सन. तो मृगाच्या सुमारास बदलतो, म्हणून त्यात सालाच्या पूर्वार्धासाठी ५९९ आणि जानेवारीनंतरच्या भागासाठी ६०० मिळवले की इसवी सन निघतो. वरचे साल १७६०-६१ चे आहे, म्हणजे पानिपतचे. तिथीच्या जागी ‘छ’ लिहून पुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना येतो, त्यासाठी जंत्री, म्हणजे तारखा ताडून पाहायचे कोष्टक, उघडावी लागते. अशी तारीख पहिल्यांदा स्वतः सोडवली त्या सकाळी मला जो आनंद झाला, तो चाळीस वर्षांपूर्वी एखादे अवघड समीकरण सुटल्यावर होत असे त्याच जातीचा होता.

इथवर सगळे सल्ल्यांप्रमाणे चालले होते. पण यादीतली उरलेली सोळा कलमे गप्प बसत नव्हती. मोडीचा बंद, म्हणजे कागद, समोर असताना पेटीचा रियाज राहिल्याची टोचणी लागे, पेटीवर बसलो की इतिहासाच्या टिपणांची आठवण येई, आणि टिपणे काढताना किल्ल्यांचा हंगाम सरत चालल्याचे दिसे. एक ना धड भाराभर चिंध्या, असे आमचे गुरुजी ज्याला म्हणत, ते मी वेळापत्रक आखून, शिस्तीने करत होतो.

चौसष्टाव्या वर्षी डोळ्यांनी पहिली मर्यादा घातली. मधुमेहामुळे दृष्टिपटलावर परिणाम झाल्याचे निघाले आणि दोन्ही डोळ्यांवर लेसरचे उपचार झाले. वाचन बंद करा असे डॉक्टरांनी सांगितले नाही, मात्र थकवा आला की थांबत जा, असे बजावले. थकवा आला हे माणसाला नेमके कधी कळते? मला तरी कळत नव्हते. म्हणून मी तीन आठवडे एक प्रयोग केला. सकाळी साडेसातला, उजेड चांगला असताना बसायचे, एकाच हस्ताक्षरातले कागद वाचायचे आणि दर अर्ध्या तासाने किती शब्द शंकास्पद राहिले आणि दुसऱ्या दिवशी ताडून पाहता किती चुकलेले निघाले, याची नोंद ठेवायची. पहिल्या तीन अर्ध्या तासांत चुका बोटांवर मोजण्याइतक्या निघत. चौथ्या अर्ध्या तासात त्या दुप्पट होत आणि पाचव्यात मी वाचत नसून अंदाज बांधत असे. माझी मर्यादा दीड तास निघाली. तो आकडा मला अपमानास्पद वाटला. शाळेत असताना मी एका बैठकीत दोनशे उत्तरपत्रिका तपासलेल्या आहेत.

हा आकडा कळूनही मी तो पाळला नाही, हे मात्र इथे कबूल केले पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि एका रात्रीत मोडी जाणणाऱ्यांना महत्त्व आले. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींत जातीचा रकाना असतो आणि जुन्या नोंदी मोडीत आहेत. आरक्षणाच्या प्रश्नावर माझे काही म्हणणे असले तरी ते या पत्राचा विषय नाही. आसपासच्या गावांतून माणसे माझ्याकडे नकला आणि मोबाईलवरची छायाचित्रे घेऊन येऊ लागली आणि इतक्या वर्षांनी घरापुढे विद्यार्थ्यांसारखी रांग पाहून मला बरे वाटले. सकाळी साडेसातला बसलेला मी रात्री नऊलाही बसलेला असे. अशाच एका रात्री मी एका ओळीतल्या मुलाच्या नावाला खालच्या ओळीतल्या बापाचे नाव जोडले. थकलेली नजर एक ओळ खाली घसरली, बाकी काही नाही. पण त्या घसरण्याने एका कुटुंबाचा पणजोबा बदलला. माझ्याकडेच मोडी शिकलेल्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी सहज म्हणून ती नोंद पाहिली आणि चूक दाखवली. संबंधितांनी तो कागद अजून कुठे दिला नव्हता, म्हणून निभावले. त्या मुलीने फार आदबीने विचारले, “सर, हे किती वाजता वाचलं होतं?” दीड तासाचा नियम त्या दिवसापासून मी मोडलेला नाही.

डोळ्यांची मर्यादा निदान दाखवता येते, तिचा कागद मिळतो. कसबाची मर्यादा मान्य करणे त्याहून जड गेले. मोडी एकच नाही. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशी तिची वळणे आहेत. पेशवाईतले सुबक अक्षर आणि एकोणिसाव्या शतकातले टाकाने लिहिलेले घाईचे अक्षर मला बऱ्यापैकी लागते. शिवकालीन अक्षर मला लागत नाही. दोन उन्हाळे मी त्यावर घालवले आणि तरीही दर ओळीत निम्मे शब्द अडतात, त्यातच फारसी शब्दांचा भरणा असला तर मी अगदीच लंगडा पडतो. पूर्वी असा कागद कोणी आणला की ‘ठेवून जा, पाहतो’ असे म्हणून मी तो पंधरा-पंधरा दिवस अडकवून ठेवत असे, कारण ‘मला येत नाही’ हे शब्द तोंडातून निघत नसत. वर्गात फळ्यापुढे उभे राहून आयुष्य काढलेल्या माणसाची ही खोड असावी. आता मी कागद पाहताक्षणी सांगतो, की हा माझ्या आवाक्यातला नाही, आणि जाणकाराकडे पाठवतो. आलेल्या माणसाचे पंधरा दिवस वाचतात आणि माझ्याही मेजावर न सुटलेल्या कागदांचा ढीग राहत नाही. तो ढीग नुसता पडून असे तेव्हाही रोज सकाळी माझा थोडा वेळ खात असे, हे तो गेल्यावर कळले.

सर्वात अवघड होती ती स्वभावाची मर्यादा. वाईच्या इतिहासाचे ते पुस्तक. पाच वर्षांत टिपणांच्या चार फायली भरल्या होत्या आणि प्रकरणांचे आराखडेही बरेच झाले होते, पण पहिल्या प्रकरणाची पहिली आठ पाने मी सहा वेळा लिहिली आणि सहाही वेळा ती शाळेच्या अहवालासारखी उतरली. मला तपशील जुळवता येतो, तपासता येतो, पण त्याला गोष्टीचा ओघ देता येत नाही. हे मला तिसऱ्याच खेपेला कळले होते. पुढच्या तीन खेपा मी केवळ लोकांना सांगून बसलो होतो म्हणून केल्या. शेवटी फायली गावातल्या एका ग्रंथालयाला देऊन टाकल्या. देताना वाईट वाटले आणि आजही त्या रस्त्याने जाताना थोडे वाटते. हे लिहिण्याचे कारण असे, की मर्यादा स्वीकारल्याने मन हलके होते असे जे सांगितले जाते, ते पूर्ण खरे नाही. वेळ मोकळा होतो, हे मात्र खरे.

या संदर्भात मला ‘मराठी रियासत’ हा इतिहास लिहिणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची नेहमी आठवण होते. सुमारे छत्तीस वर्षे बडोद्याच्या गायकवाडांच्या सेवेत काढून ते १९२५ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय साठ होते. पुढे मुंबई सरकारने पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांची निवड करून ते छापण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले आणि १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड निघाले. आपल्याकडे या कामाचा उल्लेख आला की ४५ या आकड्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण त्या दप्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि कागदांची संख्या कोटींत मोजावी लागते, हे ध्यानात घेतले, तर त्या चार-पाच वर्षांतले खरे अवघड काम कागद घेण्याचे नसून सोडण्याचे होते, असे मला वाटते. कोणताही रुमाल सोडताना ‘यातच काही महत्त्वाचे असले तर?’ ही शंका मनात आली नसेल, असे होणार नाही. हाताशी साहाय्यक होते, जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकाराचा पाठिंबा होता, तरी वर्षे मोजकी होती. संपूर्ण दप्तर छापण्याचा हट्ट धरला असता, तर बहुधा एकही खंड पुरा झाला नसता.

याच्या उलट उदाहरण म्हणून कोणी इतिहासाचार्य राजवाड्यांचे नाव घेईल, आणि माझ्या एका स्नेह्याने ते घेतलेही. १८९८ मध्ये पानिपतच्या काळातील कागदांचा पहिला खंड काढून राजवाड्यांनी पुढे मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे एकूण बावीस खंड प्रसिद्ध केले, गावोगाव पायपीट करून दप्तरे जमवली, त्याखेरीज व्याकरण, व्युत्पत्ती आणि समाजशास्त्र यांतही हात घातला आणि १९२६ च्या अखेरीस गेले तेव्हा पुष्कळ काम अर्धे राहिले होते. त्यांनी मर्यादा कुठे मानली, असा स्नेह्यांचा सवाल होता. माझे उत्तर एवढेच, की राजवाड्यांचे अर्धवट राहिलेले कामही पुढच्या पिढ्यांना पुरले. माझे अर्धवट राहिलेले काम ग्रंथालयाच्या कपाटात चार फायली आहे.

आता हिशेब. रोज दीड तास, आणि सणवार, आजारपण, ढगाळ दिवस व लग्नकार्ये वजा जाता वर्षाचे अडीचशे दिवस धरले, तर ३७५ तास होतात. एक पान वाचून बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, उतरवायला, शंकास्थळे पुन्हा पाहण्यासह, मला सरासरी पन्नास मिनिटे लागतात. म्हणजे वर्षाला साडेचारशे पाने. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. डोळ्यांनी आणखी सात वर्षे साथ दिली, तर तीन हजार एकशे पन्नास पाने होतील. कोट्यवधी कागदांपुढे हा आकडा काहीच नाही. पण आमच्या तालुक्यातल्या दोन घराण्यांकडच्या पेट्यांत मिळून अंदाजे एवढेच कागद आहेत, त्यांचे आजचे मालक ते वाचू शकत नाहीत आणि वाळवीला मात्र सगळी वळणे सारखीच लागतात. तेव्हा मी या दोन पेट्या पत्करल्या आहेत आणि तिसरी पेटी पाहायलाही जात नाही. गेलो तर मोह होईल.

या स्वीकाराला जोडून नकारही आले. ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीसपद, गणेशोत्सवातल्या स्पर्धांचे परीक्षण, सकाळच्या वेळेचे सत्कार, सुप्रभात पाठवणारे सात गट, हे सगळे सोडले. दोन माणसे दुखावली गेली, त्यांतले एक अजूनही बोलत नाहीत. गणिताचा वर्गही बंद केला, आणि त्याबद्दल मात्र मला अजून खात्री नाही. मुलांना माझी गरज होती की नाही, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. पेटी विकली नाही, संध्याकाळी दिवे लागल्यावर वाजवतो, वाईट वाजवतो, आणि ती सुधारण्याचा विचार सोडून दिल्यापासून ती वाजवायला बरे वाटते.

हे सगळे निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला सुचणारे आहे, हे मी जाणतो. दोन ठिकाणी काम करून घर चालवणाऱ्याला आपली मर्यादा माहीत असून पाळता येत नाही. आमच्या घरातही मी दीड तासाच्या शिस्तीचा गवगवा करत होतो, तेव्हा तो दीड तास शांत राहावा म्हणून दाराची घंटा, दूधवाला, गॅसवाला आणि फोन कोण सांभाळत होते, हे मला दिसले नव्हते. पत्नीने दोन वर्षांपूर्वी दिवाळीत जाहीर केले, की यापुढे घरी फक्त चकली आणि चिवडा होईल, बाकीचा फराळ विकत येईल. मी थोडी कुरकुर केली. त्यावर तिने माझेच तीन आठवड्यांच्या प्रयोगाचे कोष्टक माझ्यापुढे ठेवले आणि अनारशांचे पीठ कोणत्या अर्ध्या तासात बिघडते, ते विचारले.

आपल्या दैनिकाद्वारे दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली मोडीविषयी. आता ठिकठिकाणी आठ-दहा दिवसांचे मोडीचे वर्ग भरतात आणि शिकणाऱ्यांची संख्या वाढते आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र वर्गानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर ‘मोडी येते’ एवढेच नसावे. कोणत्या काळचे वळण येते आणि कोणते येत नाही, हेही त्यावर असावे, आणि लिप्यंतर करून देणाऱ्याने न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाजाचा शब्द न घालता चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालावे. प्रश्नचिन्हे असलेले पान पाहून गिऱ्हाईक नाराज होते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. परंतु ते पान पुढे एखाद्या कार्यालयात किंवा न्यायालयात जाणार असते आणि तिथे कोरी जागा चुकीच्या नावापेक्षा कमी नुकसान करते.

दुसरी सूचना आपल्या पुरवण्यांविषयी. निवृत्तीनंतर कोणी काय काय नव्याने सुरू केले, याच्या मुलाखती आपण छापता. त्याच माणसांना त्यांनी काय सोडले आणि ते सोडायला त्यांना किती वर्षे लागली, हा प्रश्नही विचारावा. मला कोणी विचारले असते, तर सहा वर्षे असे उत्तर दिले असते, आणि यादी करतानाच ती सतराची न करता तीनाची केली असती तर ती सहा वर्षे बहुतेक वाचली असती, असेही सांगितले असते.

जाता जाता आपल्या वाई परिसरातल्या वाचकांना एक विनंती. कागद दाखवायचे असतील तर सकाळी नऊनंतर यावे, तोवर मी बसलेला असतो. येताना मूळ कागद आणावा, मोबाईलवरचे छायाचित्र नको. नोंद एकाच ओळीची असली, तरी ती मी दुसऱ्या दिवशीच्या उजेडात वाचून देतो, आणि शिवकालीन कागदांसाठी कोणाकडे जावे ते दारातच सांगतो. पत्र लांबले आहे. ते लिहिण्यात चार सकाळी गेल्या, म्हणजे माझ्या हिशेबाने सात पाने मागे पडली. पेटीतला पुढचा बंद एका विहिरीच्या वाटणीच्या भांडणाचा आहे आणि त्यातल्या तिसऱ्या ओळीवर मी सोमवारपासून अडलो आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक, वाई (जि. सातारा)